विंडोज १० की विंडोज ११: लातूरच्या एका घरातील दोन गेमिंग संगणकांवरचा चार महिन्यांचा अनुभव

विंडोज १० चा नियमित आणि मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि त्याच आठवड्यात, दिवाळीच्या तोंडावर, माझ्या भाच्याने लातूरमध्ये आपला पहिला गेमिंग संगणक जुळवून घेतला. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ३०५० ग्राफिक कार्ड आणि ५०० जीबीची एसएसडी असे ते बेताचे, पण विचारपूर्वक निवडलेले यंत्र आहे. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत औसा तालुक्यातल्या अक्काच्या रानातले सोयाबीन पाण्याखाली गेले होते, त्यामुळे घरी एक रुपयाही मागायचा नाही असे त्याने ठरवले होते. दोन लग्नसराईंत व्हिडिओ एडिटिंग करून साठवलेले पैसेच त्याने या संगणकात घातले. प्रत्येक भागासाठी त्याने तीन-तीन दुकाने पालथी घातली होती. या यंत्रावर कोणती विंडोज असावी, हा निर्णय मात्र काउंटरवर अर्ध्या मिनिटात झाला. “दादा, टेन मारू का इलेव्हन? गेमिंगला टेनच भारी, पण तुम्ही म्हणत असाल तर इलेव्हन मारून देतो,” असे दुकानदार म्हणाला. नवी ती चांगली अशा समजुतीने भाच्याने विंडोज ११ सांगितली आणि चाळीस मिनिटांत ती ‘मारून’ मिळाली.

मी एका तंत्रनिकेतनातील संगणक प्रयोगशाळा सांभाळतो, त्यामुळे दर वर्षी विद्यार्थी आणि पालक हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. घरातच दोन वेगळ्या पिढ्यांचे संगणक असल्यामुळे या वेळी मला तो प्रश्न नीट तपासता आला. दुसरा संगणक भाच्याच्या थोरल्या भावाचा असून त्यात कोअर आय५-७४०० प्रोसेसर आणि जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक कार्ड आहे. नव्या यंत्रावर दोन स्वतंत्र एसएसडी लावून मी विंडोज १० ची शेवटची आवृत्ती २२एच२ आणि विंडोज ११ ची २५एच२ आवृत्ती आलटून पालटून चालवली, तर जुन्या यंत्रावर विंडोज १० आणि लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली. माझा निष्कर्ष सुरुवातीलाच सांगतो. नव्या संगणकावर विंडोज ११ होम घ्यावी आणि जुन्यावर ऑक्टोबर २०२६ पर्यंत विंडोज १० ठेवावी. मात्र या निष्कर्षामागची कारणे दुकानात ऐकू येणाऱ्या कारणांहून फार वेगळी आहेत, आणि ती समजल्याशिवाय या निष्कर्षाचा कोणालाही उपयोग होणार नाही.

दुकानात सर्वांत आधी वेगाची गोष्ट निघते, म्हणून तीच आधी घेतो. त्याच यंत्रावर, त्याच खेळात, त्याच सेटिंगवर दोन्ही आवृत्त्यांमधला फरक मला डोळ्यांनी ओळखता आला नाही. भाच्याला न सांगता मी एसएसडी बदलून ठेवत असे, आणि खेळ सुरू झाल्यावर आपण कोणत्या विंडोजवर आहोत हे त्यालाही सांगता येत नसे. मात्र ही समानता प्रत्येक यंत्रावर गृहीत धरता येणार नाही. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून, म्हणजे २०२१ च्या अखेरीस आलेल्या प्रोसेसरांपासून, अनेक प्रोसेसरांत एकाच चिपवर ताकदवान आणि काटकसरी असे दोन प्रकारचे गाभे (कोअर) बसवलेले असतात. कोणते काम कोणत्या गाभ्याकडे द्यायचे, याविषयी प्रोसेसरकडून येणाऱ्या सूचना समजून घेण्याची सोय विंडोज ११ मध्ये आहे आणि विंडोज १० मध्ये ती त्या रूपात नाही. एएमडीच्या अलीकडच्या रायझन प्रोसेसरांसाठीही २४एच२ या आवृत्तीत सुधारणा आली, आणि पुढे ती २३एच२ लाही देण्यात आली. म्हणून असे दोन प्रकारचे गाभे असलेला इंटेल प्रोसेसर घेऊन त्यावर ‘गेमिंगला भारी’ म्हणून विंडोज १० टाकणे हे चांगला बैल विकत घेऊन त्याला एका डोळ्यावर झापड बांधण्यासारखे आहे.

मग विंडोज ११ मंद आहे ही समजूत आली कुठून? तिच्यामागे एक खरे कारण आहे. नव्याने टाकलेल्या विंडोज ११ मध्ये ‘मेमरी इंटेग्रिटी’ नावाची सुरक्षा बहुतेक वेळा आपोआप चालू असते. प्रणालीच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) शिरू पाहणारा प्रत्येक ड्रायव्हर, म्हणजे एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्राम, ती एका वेगळ्या, बंदिस्त कप्प्यातून तपासून घेते आणि या तपासणीसाठी प्रोसेसरची थोडी ताकद खर्च होते. विंडोज १० मध्ये हीच सोय आहे, पण ती बहुधा बंद असते, त्यामुळे दोघींची तुलना करणारा माणूस नकळत एकीच्या पायात वजन बांधून शर्यत लावतो. खेळताना हवी तर ही सोय बंद करता येईल आणि खेळून झाल्यावर पुन्हा चालू करावी, असे मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये स्वतःच सांगितले आहे. आमच्या संगणकावर ती बंद केल्यानंतरही खेळात जाणवण्यासारखा बदल झाला नाही, म्हणून आम्ही ती चालूच ठेवली. ज्या यंत्रात ग्राफिक कार्ड भक्कम आणि प्रोसेसर दुबळा आहे तिथे फरक अधिक दिसू शकतो.

विंडोज ११ च्या जाहिरातीत झळकणाऱ्या बाकीच्या गोष्टींपैकी ऑटो एचडीआरचा, म्हणजे चित्रातला उजेड-अंधार अधिक ठळक करणाऱ्या सोयीचा, उपयोग एचडीआर दाखवू शकणारा मॉनिटर असेल तरच होतो, आणि तसा मॉनिटर आमच्याकडे नाही. एसएसडीवरून खेळाची माहिती वेगाने उचलणारे डायरेक्टस्टोरेज दोन्ही आवृत्त्यांवर चालते. खेळांच्या ग्राफिकसाठी असलेले डायरेक्टएक्स १२ अल्टिमेटही दोन्हींवर आहे. खिडकीत चालवलेल्या जुन्या खेळांसाठी विंडोज ११ मध्ये दिलेली सुधारणा मात्र खरोखर उपयोगी पडली, कारण भाचा एका बाजूला एडिटिंगची फाइल रेंडरला लावून दुसऱ्या बाजूला खिडकीत खेळ उघडतो आणि तशा वेळी पूर्वी जाणवणारा अडखळा आता जाणवत नाही. रॅमच्या बाबतीत एक सूचना करावीशी वाटते. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबीची आहे, पण त्या आकड्याचा गेमिंगशी काही संबंध नाही. ८ जीबीवर ब्राउझर, डिस्कॉर्ड आणि एखादा नवा खेळ एकत्र उघडले की दोन्ही आवृत्त्या रडकुंडीला येतात. २०२५ च्या दिवाळीपासून रॅमचे भाव चढलेले असले तरी १६ जीबीच्या खाली उतरू नये असे माझे मत आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. भाच्याने दिवाळीच्या पाडव्याला व्हॅलोरंट हा ऑनलाइन नेमबाजीचा खेळ उतरवून घेतला, आणि खेळ सुरूच होईना. सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० या संगणकातल्या सुरक्षेच्या दोन सोयी चालू असल्याशिवाय विंडोज ११ वर हा खेळ उघडत नाही. ही अट खेळाची स्वतःची आहे आणि ती लपवलेलीही नाही. आता हा प्रकार एका खेळापुरता राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या बॅटलफील्ड ६ ला सिक्युअर बूट लागते, आणि नोव्हेंबरमध्ये आलेल्या कॉल ऑफ ड्यूटीच्या ब्लॅक ऑप्स ७ ला सिक्युअर बूट आणि टीपीएम दोन्ही लागतात. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. भिंतीपलीकडचा शत्रू दाखवणारी किंवा नेम आपोआप लावणारी फसवणुकीची साधने आता साध्या प्रोग्रामसारखी चालत नाहीत. ती विंडोजच्या आधी किंवा तिच्या गाभ्यात शिरून बसतात, आणि त्यामुळे विंडोज उघडल्यानंतर तपासणी करणाऱ्या यंत्रणेला ती दिसतच नाहीत. सिक्युअर बूट चालू असेल तर संगणक सुरू होताना सही नसलेले काहीही वाटेत शिरू दिले जात नाही, आणि कशाच्या मागून काय सुरू झाले याची नोंद टीपीएम राखते. ऑनलाइन स्पर्धात्मक खेळ खेळणाऱ्या मुलासाठी या दोन गोष्टी आता ग्राफिक कार्डाइतक्याच आवश्यक झाल्या आहेत, आणि तरीही आपल्याकडे कोटेशनमध्ये त्यांचा उल्लेख नसतो.

भाच्याच्या मदरबोर्डात आणि प्रोसेसरात दोन्ही सोयी होत्या. मग खेळ का अडला? दुकानात टाकून दिलेली विंडोज ११ ही कोणीतरी कापून हलकी केलेली प्रत होती. तिच्यातून टीपीएम आणि सिक्युअर बूटची अट काढून टाकलेली होती, आणि ती जुन्या पद्धतीच्या बूटवर, म्हणजे बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) सीएसएम ही जुन्या बूटची सोय चालू ठेवून, एमबीआर या जुन्या रचनेच्या डिस्कवर बसवलेली होती. सिक्युअर बूट चालू करण्यासाठी सीएसएम बंद करावे लागते आणि डिस्क जीपीटी या नव्या रचनेची असावी लागते. इथे घाई करणारा माणूस पहिल्यांदा बायोसमध्ये जाऊन सीएसएम बंद करतो आणि मग संगणक उघडतच नाही, कारण डिस्क अजून जुन्या रचनेचीच असते. आधी डिस्क बदलावी आणि मग बायोस, हा क्रम पक्का लक्षात ठेवावा.

डिस्कवरची माहिती न पुसता रचना बदलण्यासाठी विंडोजमध्येच एमबीआरटूजीपीटी नावाची आज्ञा आहे. आम्ही तिची आधी केवळ तपासणी चालवली आणि तिने नकार दिला. कारण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहे. एका एसएसडीचे सी, डी आणि ई असे तीन कप्पे करून देण्याची दुकानांतली पद्धत हार्ड डिस्कच्या काळापासून चालत आली आहे. एमबीआर रचनेत विंडोजचा स्वतःचा छोटा राखीव कप्पा, सी आणि डी हे तीन मुख्य कप्पे झाले की चौथा कप्पा विस्तारित प्रकारात जातो, आणि विस्तारित कप्पा असलेली डिस्क ही आज्ञा बदलून देत नाही. शेवटी लग्नांचे सगळे व्हिडिओ बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून घेऊन आम्ही संपूर्ण एसएसडी पुसली, बायोसमध्ये सीएसएम बंद करून एफटीपीएम, म्हणजे प्रोसेसरातच असलेले टीपीएम, चालू केले, मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या मीडिया क्रिएशन टूलने पेनड्राइव्ह तयार केला आणि सुरुवात करताना नावापुढे यूईएफआय (नव्या पद्धतीचे बूट) असलेला पर्यायच निवडला. सगळे कप्पे काढून मोकळ्या जागेवर विंडोज टाकली की जीपीटी रचना ती स्वतःच करून घेते. त्यानंतर सिक्युअर बूट चालू केले आणि व्हॅलोरंट पहिल्या झटक्यात उघडला. हे सगळे काम दुकानात पहिल्याच दिवशी चाळीस मिनिटांत होण्यासारखे होते. त्याऐवजी दिवाळीतले आमचे तीन दिवस गेले.

हलक्या केलेल्या प्रतींबद्दल मला काळजीने लिहावेसे वाटते, कारण आपल्या भागात गेमिंग संगणक म्हणजे अशीच प्रत असे समीकरण होऊन बसले आहे. या प्रतींमधून डिफेंडर हा व्हायरसरोधक, अपडेटची यंत्रणा आणि स्टोअर हे भाग अनेकदा काढलेले असतात. त्यामुळे काही दिवस संगणक चपळ वाटतो, पण वर्गणी भरून खेळ देणारी गेम पाससारखी सेवा चालत नाही आणि सुरक्षेची दुरुस्ती येत नाही. सर्वांत गंभीर गोष्ट अशी की आत काय घातले आहे हे ती प्रत तयार करणाऱ्यालाच माहीत असते. त्याच संगणकावर मुलगा आपल्या स्टीम खात्याचा पासवर्ड टाकतो आणि त्याच संगणकावरून अक्काचे पीकविम्याचे फॉर्मही भरले जातात. क्रॅकने सक्रिय केलेल्या प्रतीचेही तसेच आहे. त्यातल्या अनेक क्रॅक मोठ्या कार्यालयांसाठी असलेल्या पद्धतीची नक्कल करतात, जिच्यात परवाना १८० दिवसांचा असतो आणि त्याचे पुन्हा पुन्हा नूतनीकरण करावे लागते. म्हणजे तो अनोळखी प्रोग्राम तुमच्या यंत्रात कायमचा मुक्काम ठोकून राहतो. लगेच पैसे नसतील तर मायक्रोसॉफ्टची मूळ प्रत टाकून परवाना पुढच्या महिन्यात घेणे कितीतरी बरे. तोपर्यंत कोपऱ्यात सूचना दिसत राहते आणि वॉलपेपरसारख्या गोष्टी बदलता येत नाहीत, पण खेळ चालतात आणि अपडेटही येतात. भाच्याने तेच केले आणि डिसेंबरमधल्या कामाच्या पैशांतून रीतसर परवाना घेतला.

परवाना घेताना होम घ्यावी. प्रो आवृत्तीत बाहेरून संगणकाचा ताबा घेण्याची सोय, ग्रुप पॉलिसी, हायपर-व्ही आणि डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरची पूर्ण व्यवस्था मिळते, आणि यातल्या एकाही गोष्टीने खेळाचा एक फ्रेमसुद्धा वाढत नाही. लॅपटॉपवर येणारी सिंगल लँग्वेज आवृत्ती खेळांसाठी होमसारखीच आहे आणि मराठी कीबोर्ड तीवरही जोडता येतो. एन अक्षर लावलेली आवृत्ती मात्र टाळावी, कारण तीत व्हिडिओ आणि ध्वनीचे काही भाग नसतात आणि त्यामुळे काही खेळ सुरुवातीच्या चित्रफितीवरच अडतात. इंटरनेटवर एलटीएससी या दीर्घ आधाराच्या आवृत्तीचे फार कौतुक वाचायला मिळते. ती रुग्णालयातील यंत्रे किंवा कारखान्यातील नियंत्रण संगणक यांसाठी बनवलेली आहे, ती व्यक्तींना दुकानात विकली जात नाही आणि तीत स्टोअर नसते.

विंडोज ११ मध्येही २३एच२, २४एच२, २५एच२ अशा आवृत्त्या आहेत आणि तिथे थोडा सबुरीचा सल्ला देतो. २४एच२ ही आवृत्ती १ ऑक्टोबर २०२४ रोजी आली, तेव्हा युबिसॉफ्टचे असॅसिन्स क्रीड मालिकेतील काही खेळ तिच्यावर गोठत होते आणि मायक्रोसॉफ्टला अशा संगणकांवर ती आवृत्ती जाण्यापासून रोखावी लागली. नंतर दुरुस्त्या आल्या आणि तो प्रश्न मिटला. २५एच२ ही ३० सप्टेंबर २०२५ रोजी आली असली तरी तिचा पाया २४एच२ चाच आहे, म्हणून तिच्यावर जाताना तसा धोका नव्हता. होमच्या प्रत्येक आवृत्तीला साधारण दोन वर्षे आधार मिळतो. २३एच२ चा आधार ११ नोव्हेंबर २०२५ रोजी संपला आहे, २४एच२ चा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे आणि २५एच२ चा १२ ऑक्टोबर २०२७ पर्यंत. नवी वार्षिक आवृत्ती आली की पहिले दोन-तीन महिने थांबावे आणि आपण रोज खेळतो त्या खेळाबद्दल तक्रारी येत आहेत का ते पाहावे. आधीच्या आवृत्तीचा आधार तेवढ्यात संपत नाही.

आता जुन्या संगणकाविषयी. कोअर आय५-७४०० हा सातव्या पिढीचा प्रोसेसर आहे आणि विंडोज ११ ची अधिकृत यादी इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते. अट चुकवून तिथे विंडोज ११ टाकता येते आणि लातूरमध्ये ती टाकून देणारेही मिळतील. मी ती टाकली नाही. अशा यंत्रांना अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणजे ज्या सुरक्षेसाठी ही उठाठेव करायची तिचाच भरवसा उरत नाही. विंडोज १० वर राहणाऱ्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या वाढीव दुरुस्त्यांची योजना आहे. २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खाते असेल तर सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरून नाव नोंदवता येते, आणि आपल्या सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात ठेवला तर पैसे पडत नाहीत. ते नको असेल तर ३० डॉलर किंवा मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड गुण हे दोन मार्ग आहेत. थोरल्याच्या संगणकाची नोंदणी पाच मिनिटांत झाली. या योजनेत नवी वैशिष्ट्ये मिळत नाहीत, फक्त सुरक्षेची भोके बुजवली जातात, आणि आठ-नऊ वर्षांच्या यंत्राला तेवढे पुरेसे आहे.

अशा यंत्राच्या मालकाने ग्राफिक कार्डाकडेही पाहायला हवे. जीटीएक्स १०५० टीआय ज्या पिढीचे आहे, तिच्यासाठी नव्या खेळांना अनुकूल केलेले ड्रायव्हर देणे एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले असून ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षेपुरते ड्रायव्हर येत राहतील. म्हणजे या कार्डावर विंडोज कोणतीही घातली तरी येणाऱ्या नव्या खेळांसाठी ते मागेच पडत जाणार. आरटीएक्स कार्ड असलेल्यांना विंडोज १० वरही ऑक्टोबर २०२६ पर्यंत नवे ड्रायव्हर मिळणार आहेत. त्यामुळे ज्यांच्याकडे चांगले कार्ड आणि सातव्या पिढीचा प्रोसेसर अशी जोडी आहे, त्यांनी या काळात विंडोजवर खर्च न करता मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदलण्यासाठी पैसे बाजूला ठेवावेत. स्टीमने १ जानेवारी २०२६ पासून ३२-बिट विंडोजचा आधार सोडला आहे, तेव्हा कोणाकडे विंडोज १० ची ३२-बिट प्रत अजून असेल तर ती आधी बदलावी.

ऑक्टोबर २०२६ नंतरची सोय म्हणून मी त्याच यंत्रात वेगळ्या हार्ड डिस्कवर लिनक्स मिंट टाकून पाहिली. स्टीमसोबत येणाऱ्या प्रोटॉनमुळे विंडोजसाठी लिहिलेले, एकट्याने खेळायचे अनेक खेळ तिच्यावर कोणतीही खटपट न करता उघडले, आणि काउंटर-स्ट्राइक २ व डोटा २ तर लिनक्ससाठी स्वतंत्रपणे बनवलेलेच आहेत. पण व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट तिथे चालत नाहीत. अॅपेक्स लेजंड्सने २०२४ च्या ऑक्टोबरअखेर लिनक्सचा मार्ग बंद केला, आणि जीटीए ५ ची कथा खेळता येत असली तरी तिचा ऑनलाइन भाग २०२४ च्या सप्टेंबरपासून बंद झाला. थोरला काउंटर-स्ट्राइक आणि जुने कथाप्रधान खेळ खेळतो, त्यामुळे त्याचे भागेल. धाकट्याचे भागणार नाही. म्हणूनच माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा हेच विचारतो की सर्वांत जास्त कोणता खेळ खेळतोस, आणि त्यानंतर मदरबोर्डाचे नाव विचारतो.

आपल्याकडच्या परिस्थितीमुळे उद्भवणाऱ्या काही गोष्टी परक्या समीक्षांत सापडत नाहीत. विंडोज ११ होम पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खाते मागते, आणि नव्या मदरबोर्डाच्या वायफायचा ड्रायव्हर त्या वेळी बहुधा नसतो. गावात फायबर नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करावे. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असतो, आणि काम निर्वेध पुढे जाते. त्यानंतर लगेच ते जोडणीचे जाळे मीटर्ड (मर्यादित डेटाचे) म्हणून नोंदवावे, म्हणजे मोबाइलचा दिवसभराचा डेटा अपडेटमध्ये संपणार नाही. अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतात, पण ते कायमचे बंद करू नयेत. मोठे वार्षिक अपडेट शनिवारी सकाळी, लाइट जाण्याची शक्यता कमी असताना आणि यूपीएस भरलेला असताना करावे. नवी आवृत्ती पटली नाही तर मागे जाण्यासाठी १० दिवस मिळतात. त्या मुदतीत आपले नेहमीचे सगळे खेळ एकदा तरी चालवून पाहावेत.

जानेवारीत नव्या संगणकावर एक विचित्र प्रकार सुरू झाला. दिवसातून दोन-तीन वेळा खेळ आणि आवाज दोन्ही सेकंदभर अडकून पडत. “मामा, टेनवर परत जाऊ या का?” असे भाच्याने विचारले, आणि वरवर पाहता दोष विंडोज ११ चाच वाटत होता. पण हाच प्रकार विंडोज १० च्या एसएसडीवरही दिसला, तेव्हा मूळ वेगळीकडे आहे हे लक्षात आले. रायझनच्या एफटीपीएममुळे काही संगणक असे अडखळतात हे एएमडीने २०२२ मध्येच मान्य केले होते आणि त्यावरची दुरुस्ती नव्या बायोसमधून दिली होती. आमच्या मदरबोर्डावर दुकानात पडून राहिलेल्या जुन्या मालातला बायोस होता. बायोस बदलताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून संगणक यूपीएसवर घेऊन आम्ही ते काम केले आणि अडखळणे पूर्ण थांबले.

पुन्हा सुरू होताना मात्र निळ्या पडद्यावर रिकव्हरी की मागणारी ओळ आली. २४एच२ पासून मायक्रोसॉफ्ट खात्याने नव्याने उभारलेल्या होम आवृत्तीवरही डिस्क आपोआप कुलूपबंद केली जाते, आणि बायोस बदलल्यावर टीपीएमला ते यंत्र ओळखू येत नाही. लग्नांचे सगळे व्हिडिओ त्या डिस्कवर होते आणि भाच्याचा चेहरा पांढरा पडला. की त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपून ठेवलेली होती, फोनवरून खाते उघडून ती मिळाली आणि संगणक उघडला. त्या संध्याकाळी त्याने ते ४८ अंक दोनदा तपासून अक्काच्या दूध-किराण्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले. त्याच पानावर थोरल्याने आपल्या संगणकासाठी १३ ऑक्टोबर २०२६ ही तारीख लिहिली आहे.